मेरी रमा

ख्रिस्ती शाळेंत मुलींचा हजेरीपट वाचतांना मेरी हें नांव आलें नाहीं असें सहसा होत नाहीं. कोणी मेरी असते, कोणी मरीया. शेजारच्या मोहल्ल्यांतील मुसलमान मुलगी मरियम असते. आणि गोव्याकडून आलेल्या कुटुंबांतील मुलीस घरांत मारिया म्हणून हांक मारतात. ह्या चौघींस एका रांगेंत उभ्या करून, तुम्ही नांवाच्या सख्ख्या बहिणी आहां, असें सांगितलें तर त्या हंसतील; परंतु तें खरें आहे. ह्या एका नांवाचा प्रवास बालवाचकांस सांगावा असें आमच्या मनांत पुष्कळ दिवस होतें. तथापि नांवांची नुसती यादी वाचण्यांत कोणास गोडी वाटणार? म्हणून ज्या थोर महाराष्ट्रीय स्त्रीनें वयाच्या सव्विसाव्या वर्षीं हें नांव घेतलें, आणि तें घेऊनही आपलें जन्माचें नांव सोडलें नाहीं, त्या पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या ओघांत हा विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रांगांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृतज्ञ. तरुणपणीं पुण्यास अध्ययन करीत असतां त्यांचे गुरु पेशव्यांच्या वाड्यांत पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रियांस ही भाषा येऊं शकते हें अनंतशास्त्र्यांनीं तेथें पाहिलें, आणि आपल्या पत्नीसही ती शिकवावयाची असा निश्चय केला. पहिल्या संसारांत हा बेत साधला नाहीं. दुसरी पत्नी लक्ष्मीबाई ही मात्र उत्तम शिष्या निघाली. स्त्रीस संस्कृत शिकविलें म्हणून उडुपी येथें पंडितांच्या सभेपुढें त्यांस जाब द्यावा लागला, व त्यांनीं शास्त्रांतील आधार दाखवून तो दिलाही. तरी लोकांचा जाच चुकविण्यासाठीं हें कुटुंब रानांत जाऊन राहिलें. त्या रानांतच ह्या कन्येचा जन्म झाला. तिला रमा हें नांव मिळालें.

रमा म्हणजे लक्ष्मी. मातेचें नांव लक्ष्मी, कन्येचें रमा. म्हणजे अर्थानें पाहिलें तर माय-लेकींचें नांव एकच. समुद्रमंथनांतून निघालेलीं चौदा रत्नें ज्या मुलांस पाठ आहेत, त्यांस रमा ही समुद्राची कन्या हें वेगळें सांगावयास नको. समुद्राची ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मुलगी कांहीं महिन्यांची असतांच डोंगरे कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, व पुढें वर्षानुवर्षें तें फिरतच राहिलें. देवळांत पुराण सांगावें, मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम होता. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमेस शिकविण्याचें काम आईनें केलें. लक्ष्मीबाई पहांटे मुलीस जवळ घेऊन पाठ देत. ह्या शाळेस ना भिंती होत्या ना फळा. परंतु अशा शाळेंतून निघालेल्या विद्यार्थिनीस सबंध भागवत मुखोद्गत होतें.

मग मद्रास इलाख्यांतील दुष्काळ आला. १८७४ सालापासून पुढच्या थोड्याच काळांत वडील, आई व थोरली बहीण अशीं तिघें उपासमारीनें व आजारानें गेलीं. मागें राहिलीं रमा आणि भाऊ श्रीनिवास. हीं दोघें पायीं चालत हजारों मैल फिरलीं. थंडीच्या रात्रीं पांघरूण नाहीं म्हणून नदीकांठीं वाळूंत खड्डा करून त्यांत निजावें, असेही प्रसंग त्यांजवर आले. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली, आणि तिला पंडिता व सरस्वती अशा दोन पदव्या दिल्या. रानांत जन्मलेल्या रमेस अशीं हीं आणखी दोन नांवें लाभलीं, आणि तीं तिनें विद्येनें मिळविलीं होतीं.

१८८० च्या मे महिन्यांत भाऊ वारला. त्याच वर्षीं १३ जून रोजीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा, भाषाही वेगळी. १६ एप्रिल १८८१ रोजीं कन्या झाली, तिचें नांव मनोरमा. ह्या नांवांत आईचें नांव पुरतें सामावलें आहे, हें कोणाही वाचकास दिसेल. परंतु तिला वर्षही पुरें झालें नव्हतें तोंच, ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं, मेधावी पटकीच्या आजारानें निवर्तले. आमच्या ईट-भूमकडील खेड्यांत ह्या रोगास जुनीं माणसें मरी म्हणत, आणि शिवेवरच्या मरीआईस नारळ फोडीत. एकोणीस महिन्यांचा संसार करून रमाबाई चोविसाव्या वर्षीं विधवा झाल्या.

तान्ह्या मुलीस घेऊन त्या पुण्यास आल्या, व त्याच वर्षीं त्यांनीं आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्यांची व्याख्यानें ऐकावयास ज्या स्त्रिया धजल्या, त्यांत न्यायमूर्ति रानड्यांच्या पत्नी रमाबाई ह्या होत्या. एका गांवांत दोन रमाबाई! मात्र एकीस हें नांव पाळण्यांत मिळालें होतें, तर दुसरीस बोहल्यावर. रानड्यांच्या रमाबाई माहेरीं यमुना होत्या. अमेरिकेस जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी ह्याही माहेरच्या यमुनाच. लग्नांत सूप किंवा ताट तांदळांनीं भरावें, त्यांत नवऱ्यानें नवें नांव लिहावें, आणि त्या दिवसापासून जुनें नांव मिटून जावें, ही आपल्याकडील रीत. तींत वधूस विचारण्याची चाल नव्हती. ही गोष्ट येथें मुद्दाम सांगितली, कारण पुढें रमाबाईंनीं नवें नांव घेतलें तेव्हां जे लोक फार रागावले, त्यांच्या घरोघरीं स्त्रियांचीं नांवें बदललेलींच होतीं.

स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं हंटर कमिशनपुढें रमाबाईंनीं साक्ष दिली. स्त्री-वैद्य व स्त्री-शिक्षक ह्यांची ह्या देशास किती गरज आहे, हें त्यांनीं तेथें सांगितलें. आपण स्वतःच वैद्यकी शिकावी असें मनांत धरून १८८३ सालीं त्या मनोरमेसह इंग्लंडास गेल्या. वाटखर्चासाठीं त्यांनीं स्त्रीधर्मनीति हें आपलें मराठी पुस्तक विकलें. वाँटेज नांवाच्या गांवीं संत मेरी कुमारीच्या नांवानें चालणारा भगिनींचा एक मठ होता. त्याची एक शाखा पुण्यास होती, त्या ओळखीनें त्या तेथें उतरल्या. ऐकूं कमी येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला. मनांत धर्माचा विचार चालूच होता, आणि नीळकंठशास्त्री गोरे, जे बाप्तिस्म्यानंतर नहेम्या गोरे झाले, त्यांच्या लेखनाचा त्यांजवर परिणाम झाला होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें माय-लेकींचा बाप्तिस्मा झाला. आईचें नांव मेरी रमा असें झालें, मुलीचें मनोरमा मेरी.

आतां ह्या मेरी शब्दाकडे वळूं. त्याचें मूळ इब्री भाषेंत आहे. मोशे व अहरोन ह्यांची बहीण, जिनें तांबड्या समुद्राच्या कांठीं हातांत डफ घेऊन विजयाचें गीत गाइलें, तिचें नांव मिर्याम. हेंच नांव पुढें यहूदी लोकांच्या बोलींत मर्याम झालें, ग्रीकांनीं त्याचें मरियाम व मारिया केलें, लॅटिन भाषेनें मारिया हेंच रूप घेतलें, आणि तेथून तें सर्व युरोपभर पसरलें. फ्रेंच लोक मारी म्हणतात; लाडानें मारिओं, मानों. इटलींत मारिया व लहान मुलीस मारिएत्ता. रशियांत मारीया, पण घरांत तीच माशा होते. हंगेरींत मारिश्का, हॉलंडांत मारैके, फिनलंडांत माइया. वेल्श लोक मैर म्हणतात. इंग्रजांची मेरी लाडांत मॉली होते आणि मॉलीची पुनः पॉली. मेरीचा र जाऊन तेथें ल कसा आला, असें विद्यार्थी विचारतील. त्यांनीं आपल्या संस्कृतच्या पंतोजींस विचारावें. र आणि ल ह्यांत भेद मानूं नये असें आपले वैयाकरण फार पूर्वींच सांगून गेले आहेत. इंग्रजींत साराची सॅली झाली तीही ह्याच वाटेनें.

कांहीं देशांत ह्या नांवाचा मान इतका मोठा कीं, तें मनुष्याच्या मुलीस ठेवण्यास लोक कचरत. आयर्लंडांत ख्रिस्ताच्या मातेस मुरे म्हणतात आणि साध्या मुलींस माइरे. दोहोंची गल्लत होऊं देत नाहींत. पोलंडांतही पूर्वीं मुलींस मारियान्ना म्हणत व मूळ नांव मातेसाठींच राखून ठेवीत. स्पेनमध्यें तर आणखी एक युक्ति निघाली. दुःखांची मारिया, दयेची मारिया, सांत्वनाची मारिया अशीं लांब नांवें ठेवून व्यवहारांत त्यांतील मागचाच शब्द घ्यावयाचा. त्यामुळें डोलोरेस, मर्सिडीस, कोन्सुएलो हीं नांवें निघालीं, ज्यांत मारिया ऐकूं येत नाहीं पण असते. वडील माणसाचें नांव तोंडानें घेऊं नये हा आपल्याकडील शिष्टाचार ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. आमच्या मुंबईकरांनीं वांद्र्याच्या टेकडीवरील माउंट मेरीची मोतमाउली केली, तिचीही गणना ह्याच आदराच्या नांवांत करावी.

अर्थाविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. कोणी कडूपणा हा अर्थ घेतात, कोणी बंडखोरपणा, कोणी मिसर देशाच्या भाषेंतील प्रीतिवाचक शब्दाशीं त्याचें नातें जोडतात. जेरोम नांवाच्या प्राचीन पंडितानें त्याचा अर्थ समुद्राचा थेंब असा दिला होता, व पुढें नकला करणाऱ्यांच्या हातून एका अक्षराच्या फरकानें थेंबाचा तारा झाला, असें सांगतात. तेव्हांपासून समुद्राचा तारा हें मरीयेचें एक बिरुदच होऊन बसलें आहे. समुद्राची कन्या रमा आणि समुद्राचा तारा मेरी! शिवाय दोन्ही नांवांत र आणि म हींच व्यंजनें, फक्त क्रम उलटा. वाल्या कोळ्याची कथा ऐकलेल्या मुलांस ह्याचें कौतुक वाटेल. हा सर्व योगायोग आहे, त्यावर कोणी सिद्धांत उभारूं नये. तसेंच मराठी बायबलांतील मरीया हें नांव प्रथमच ऐकणाऱ्या खेडुतास मरीआई आठवली तर त्यास हंसूं नये. त्या दोन नांवांचा परस्परांशीं कांहींएक संबंध नाहीं, एवढें समजावून सांगितलें म्हणजे झालें.

रमाबाईंस नांव बदलणें जड गेलें नाहीं. पण नांवाबरोबर आपला देश, आपली भाषा व आपली बुद्धि दुसऱ्याच्या स्वाधीन करावी, हें त्यांस मान्य नव्हतें. खरा झगडा येथेंच झाला. मठांतील सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता. दोघींत प्रेम होतें, आणि वादही तितकेच झाले. रमाबाई शाकाहारी राहिल्या, लुगडें सोडलें नाहीं. क्रूसावर लॅटिन अक्षरें असण्याची गोष्ट निघाली तेव्हां, आपणांस जी भाषा समजत नाहीं तिचीं अक्षरें कशास, आपल्या मायभूमीची प्राचीन संस्कृत भाषा कां नको, असा त्यांनीं आग्रह धरला. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजांत त्या संस्कृत शिकवीत व स्वतः शिकत. तेथें त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांस शिकवूं नये असें हिंदुस्थानांतील बिशपांचें मत पडलें. रमाबाईंनीं, आपण स्वदेशीं पुरुषांच्या सभांपुढें बोलत आलों आहोंत, तें स्वातंत्र्य येथें कां सोडावें, असें विचारलें. धर्माच्या तत्त्वांतही जें पटलें नाहीं तें पटलें असें त्यांनीं कधीं म्हटलें नाहीं. सिस्टरबाईंस हा गर्व वाटे. आमच्या मतें तो गर्व नव्हता. ज्या मुलीच्या बापानें सबंध सभेपुढें एकट्यानें उभें राहून उत्तर दिलें होतें, ती ह्याहून वेगळें काय करणार?

त्यांच्या पत्रव्यवहारांत एक गोड गोष्ट दिसते. ज्या सिस्टरांशीं हे वाद चालत, त्यांस रमाबाई पत्रांत आजीबाई म्हणत. इंग्लंडानें आमच्या रमेस मेरी केलें, तर रमेनें एका इंग्रज साध्वीस मराठी आजीबाई करून टाकलें. पत्राखालीं सही असे ती मेरी रमा अशी.

इकडे पुण्यांत ह्या धर्मांतरावरून फार टीका झाली. विरोधकांत व मित्रांतही ज्यांस तें आवडलें नाहीं असे पुष्कळ होते. महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं मात्र १८८५ सालच्या आपल्या सत्सार ह्या पुस्तिकेंत रमाबाईंची बाजू घेतली. पुढें नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक हीं ख्रिस्ती झालीं तेव्हां त्यांनीं आपलीं जुनींच नांवें ठेवलीं. ही वाट रमाबाईंनीं अगोदर अर्धी चालून ठेवली होती, असें आम्हांस वाटतें.

फेब्रुवारी १८८६ मध्यें त्या अमेरिकेस निघाल्या. ११ मार्च रोजीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत आनंदीबाई जोशी ह्यांस पदवी मिळाली, त्या समारंभास त्या हजर होत्या. पुढच्या वर्षीं त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवरील आपलें प्रसिद्ध इंग्रजी पुस्तक छापलें. त्यावर नांव कोणतें घातलें? पंडिता रमाबाई सरस्वती. ख्रिस्ती राष्ट्रांतील वाचकांपुढें जातांनाही त्यांनीं कलकत्त्याच्या ब्राह्मण पंडितांनीं दिलेल्या पदव्याच मिरविल्या. त्याच सालीं बोस्टन येथें त्यांच्या कार्यास मदत करण्यासाठीं रमाबाई असोसिएशन ही संस्था निघाली.

११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. ख्रिस्ती बाईंनीं आपल्या शाळेस शारदेचें नांव दिलें हें पाहून दोन्हीं बाजूंचे लोक कोड्यांत पडले असतील. अगदीं पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नांवाची एक बालविधवा होती. शाळा १८९० सालीं पुण्यास आली, आणि १८९३ सालीं ह्या गोदूबाईंचा विवाह प्रोफेसर धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं झाला. तेव्हां त्याही आनंदीबाई झाल्या! त्याच १८९३ सालीं शारदा सदनांत मुलींस ख्रिस्ती केलें जातें असा मोठा गवगवा होऊन रानडे, भांडारकर इत्यादि मंडळी सल्लागार मंडळांतून निघालीं, व कित्येक पालकांनीं मुली काढून नेल्या. पालकांची काळजी खोटी होती असें आम्ही म्हणणार नाहीं. बाईंची प्रार्थना उघड्या दारानें चाले, व तींत येऊन बसणाऱ्या मुलीस त्यांनीं परत पाठविलें नाहीं. परंतु त्या विधवांस दुसरें दार कोणतें उघडें होतें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं फार थोड्यांजवळ होतें. कर्व्यांनीं तें १८९६ सालापासून आपल्या परीनें दिलें.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या. बालपणींची भूक त्यांस आठवत होती. तेथून त्यांनीं शेंकडों अनाथ मुली व स्त्रिया आणून पुण्याजवळ केडगांव येथें घेतलेल्या शेतांत ठेवल्या. तेथें १८९८ सालीं मुक्ति सदन उभें राहिलें. १९०० च्या दुष्काळांत गुजराथेंतून आणखी मुली आल्या, व आश्रमाची वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. विहिरी, भाजीचे मळे, गाई, हातमाग, तेलाचा घाणा, छापखाना, अंधांसाठीं शाळा, सर्व कामें स्त्रियांच्याच हातीं. संस्थेचें नांवही पहावें: मुक्ति. तें मराठी माणसास समजावून सांगावें लागत नाहीं.

ह्या कार्याचा एक फांटा आमच्या बाजूसही आला. १९१२ च्या सुमारास गुलबर्गा येथें, जें आतां कलबुर्गी म्हणून ओळखलें जातें, रमाबाईंनीं एक हायस्कूल काढलें व तेथें मुख्य म्हणून मनोरमाबाई होत्या. ईट व गुलबर्गा हीं दोन्हीं त्या काळीं निजामाच्या राज्यांत होतीं. शाळा दुर्मिळ असलेल्या त्या मुलखांत ही गोष्ट लहान नव्हती.

आयुष्याचा शेवटचा भाग रमाबाईंनीं एका कामास वाहिला. चालू मराठी बायबल साध्या अडाणी स्त्रीस समजत नाहीं असें त्यांस वाटे. म्हणून त्या उतारवयांत इब्री व ग्रीक भाषा शिकल्या, आणि मूळावरून सबंध ग्रंथ मराठींत आणावयास बसल्या. मोशेच्या बहिणीस मराठी बायबल मिर्याम म्हणतें आणि ख्रिस्ताच्या मातेस मरीया; वाचणारास तीं दोन वेगळीं नांवें वाटतात. मूळ भाषांत उतरलेल्यासच तें नांव एक असल्याचें दिसतें. नवा करार १९१३ सालीं छापून झाला. १९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची ही एकुलती लेक हाच त्यांचा पुढचा आधार होता. रमाबाई स्वतः दुखणाईत होत्या, तरी जुन्या कराराचीं मुद्रितें तपासण्याचें काम त्यांनीं चालूच ठेवलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं केडगांव येथें त्यांचा अंत झाला.

सबंध बायबल १९२४ सालीं मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. त्याचे खिळे जुळविणाऱ्या स्त्रियांत दुष्काळांतून आणलेल्या कित्येक मुली होत्या. आश्रमांत आल्या तेव्हां त्यांतील पुष्कळींस स्वतःचें नांवही लिहितां येत नव्हतें. त्यांच्याच बोटांनीं मोशेच्या बहिणीचें आणि ख्रिस्ताच्या मातेचें नांव शिशाच्या अक्षरांत उभें केलें.